घरचा तांदूळ, एकच खाचर: कॅडमियम आणि मूत्रपिंडविकाराचे पुण्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील बाई ५४ वर्षांच्या आहेत. लग्नानंतर त्या पुण्यात आल्या आणि तेव्हापासून सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहतात. सासर पुण्याच्या पश्चिमेकडच्या भातपट्ट्यातले. तिथे धाकटे दीर शेती पाहतात आणि दरवर्षी दिवाळीनंतर भात झोडून, गिरणीतून भरडून आणून वर्षभराचा इंद्रायणी तांदूळ पोत्यांनी पुण्याला पोचवतात. बाजारातला तांदूळ या घरात सणासुदीच्या मसालेभाताखेरीज सहसा आलेला नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे व तालुक्याचे नाव इथे दिलेले नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

घरात पती, मुलगा आणि सून. पती आणि मुलगा नोकरीला जाताना पोळी-भाजीचा डबा नेतात आणि रात्री बहुधा भाकरी खातात. बाईंच्या दाढा लवकर पडल्याने भाकरी चावत नसे. सकाळी मऊ भात, दुपारी वरण-भात आणि रात्री पुन्हा भात किंवा पेज असा त्यांचा आहार अनेक वर्षे चालला. नंतर मोजून पाहिले तेव्हा त्यांच्या एकट्याच्या वाट्याचा कोरडा तांदूळ दिवसाला सुमारे २२० ग्रॅम भरला, तर पतींचा जेमतेम ८० ग्रॅम. वजन ४६ किलो. रजोनिवृत्तीपूर्वी अनेक वर्षे मासिक पाळीत अतिरक्तस्राव होत असे आणि त्याचे उपचार नीट झाले नव्हते. लहानपणापासून दिवसातून दोन वेळा मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावण्याची सवय होती. या चारही गोष्टी, म्हणजे भाताचे प्रमाण, कमी वजन, लोहाची कमतरता आणि मिश्री, पुढे महत्त्वाच्या ठरल्या. सुरुवातीला मात्र त्यांतली एकही कोणत्याच केसपेपरवर नोंदलेली नव्हती.

समस्या कशी समोर आली

तक्रार हाडांच्या दुखण्याची होती. कंबर, मांड्या आणि नडग्या दुखत. जिना उतरताना दुखणे वाढे. दोन वर्षे हे वयाचे दुखणे समजून वेदनाशामक आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. मधल्या काळात एका आरोग्य तपासणीत लघवीत साखर आढळली. उपाशीपोटी रक्तातील साखर ९२ आणि एचबीए१सी ५.४ टक्के, म्हणजे दोन्ही सामान्य असतानाही मधुमेहाची सुरुवात म्हणून एक गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी लघवी पुन्हा तपासली, तर साखर तेवढीच होती.

या प्रकरणातील निर्णयाचा पहिला टप्पा हाच होता. रक्तात साखर योग्य आणि लघवीत मात्र जास्त, ही जोडी मधुमेहाची नव्हे. ती एक तर डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधामुळे दिसते, कारण ते औषध मूत्रपिंडातून साखर मुद्दाम बाहेर सोडते; काही घराण्यांत ती जन्मजात आणि निरुपद्रवी असते; किंवा मग मूत्रपिंडातील समीपस्थ नलिका बिघडलेल्या असतात. रक्त गाळून झाल्यावर साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट, युरिक आम्ल आणि लहान आकाराची प्रथिने परत शोषून घेण्याचे काम या नलिकांचे असते. बाई डापाग्लिफ्लोझिन घेत नव्हत्या. हाडे दुखणाऱ्या रुग्णाच्या लघवीत अशी साखर दिसल्यावर फॉस्फरस मोजणे ही अत्यंत स्वस्त तपासणी होती. ती आणखी जवळपास एका वर्षाने झाली.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडे त्या पोचल्या तेव्हाचे चित्र असे होते. सीरम क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम, म्हणजे बहुतेक प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेच्या काठावर. पण त्यांचे वय व लिंग धरून काढलेला गाळण्याचा अंदाजित वेग मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर. फॉस्फरस २.१, युरिक आम्ल १.९, बायकार्बोनेट १८, पोटॅशियम ३.४, म्हणजे चारही सामान्यापेक्षा कमी. हाडांच्या विकारात वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले. कटिभागाच्या एक्स-रेमध्ये हाडे मऊ पडल्यावर दिसणाऱ्या भेगांसारख्या रेषा. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ८, म्हणजे फार कमी. लघवीतील एकूण प्रथिने क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ७०० मिलिग्रॅम, परंतु त्यात अल्ब्युमिन केवळ ६० मिलिग्रॅम.

शेवटच्या दोन आकड्यांमधील तफावतीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे होणाऱ्या मूत्रपिंडविकारात गाळणीच खराब होते आणि अल्ब्युमिन बाहेर पडते. म्हणून आपल्याकडची बहुतेक तपासणी अल्ब्युमिनभोवती रचलेली आहे. नलिका बिघडल्यास गळणारी प्रथिने वेगळी असतात आणि लघवीत बुडवून पाहायची पट्टी ती जवळजवळ दाखवतच नाही. केवळ पट्टीवर आणि क्रिएटिनिनवर विसंबले असते, तर या बाईंची मूत्रपिंडे ठीक आहेत असाच निष्कर्ष निघाला असता, आणि दोन वर्षे तो तसाच निघत होता.

कारणाचा शोध

नलिकांच्या अशा सार्वत्रिक बिघाडाची प्रौढ वयातील कारणे मोजकी आहेत. मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगातील हलक्या साखळीची प्रथिने, टेनोफोविरसारखी विषाणूविरोधी औषधे, शोग्रेन हा स्वप्रतिकारक आजार, काही वनौषधी आणि जड धातू. प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस, हलक्या साखळ्यांची चाचणी आणि स्वप्रतिपिंडे तपासून पहिला व तिसरा आजार वगळला गेला. टेनोफोविर कधीच घेतलेले नव्हते. भस्म किंवा रसौषधी, काढे, गावठी औषधे यांविषयी नावे घेऊन विचारले गेले; उत्तर नकारार्थी आले.

मग धातूंची चाचणी झाली. नमुना घेण्याची पद्धत इथे निकालाइतकीच निर्णायक असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लघवी धातुरहित, आम्लाने धुतलेल्या डब्यातच घेतली. आधीचे काही दिवस मासे वर्ज्य केले, कारण मासळीतील तुलनेने निरुपद्रवी आर्सेनिक एकूण आर्सेनिकचा आकडा फुगवते. धातू बांधणारे औषध देऊन नंतर लघवी तपासण्याची पद्धत काही ठिकाणी विकली जाते. ती कटाक्षाने टाळली. त्या औषधाने कोणाच्याही लघवीतील धातू वाढतो आणि तो आकडा ताडून पाहायला संदर्भमूल्येच नाहीत.

शिसे, पारा आणि आर्सेनिक चिंतेच्या पातळीखाली होते. कॅडमियम मात्र लघवीत क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ७.२ मायक्रोग्रॅम आणि रक्तात लिटरमागे ३.८ मायक्रोग्रॅम आले. ज्यांचा कॅडमियमशी विशेष संबंध येत नाही त्यांच्या लघवीत हा आकडा सामान्यतः १ च्या खाली असतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये जो उंबरठा मानला तो ५.२४ मायक्रोग्रॅमचा आहे. त्यापलीकडे नलिकांतून गळणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण स्पष्टपणे वाढू लागते. चाचणी पुन्हा केली, निकाल तोच. गळणाऱ्या प्रथिनांसाठी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनऐवजी रेटिनॉल-बंधक प्रथिन मोजले, कारण पहिले प्रथिन आम्लधर्मी लघवीत विघटित होते आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. ते प्रमाणाबाहेर वाढलेले होते.

कॅडमियम शरीरात काय करते

अन्नातील कॅडमियमचा सामान्यतः फार थोडा अंश, सुमारे ५ टक्के, आतड्यातून शोषला जातो. पण तो लोहाच्याच वाहक प्रथिनांवरून आत शिरतो. शरीरात लोह कमी असले की आतडे हे वाहक वाढवते आणि लोहासाठी उघडलेल्या दारातून कॅडमियमही दुपटीने किंवा त्याहून अधिक आत येते. पुढे ते यकृतात मेटॅलोथायोनिन या प्रथिनाशी बांधले जाते, तिथून हळूहळू मूत्रपिंडात पोचते, गाळले जाते आणि समीपस्थ नलिकेच्या पेशी ते परत शोषून घेतात. पेशीत बांधणारे प्रथिन तुटते, मोकळे कॅडमियम उरते आणि पेशीची ऊर्जायंत्रणा मोडते. त्याला बाहेर काढण्याची कोणतीही कार्यक्षम व्यवस्था शरीरात नाही. मूत्रपिंडातील त्याचे अर्धायुष्य १० ते ३० वर्षे मानले जाते.

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातामुळे हेच मोठ्या प्रमाणावर घडले. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. रुग्णांत बहुतांश मध्यमवयीन आणि वृद्ध, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. हाडांच्या असह्य वेदनांवरून त्या आजाराला 'इताई-इताई' हे नाव पडले आणि १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्य केला. पुण्यातील या बाईंची स्थिती त्या आजाराइतकी तीव्र नव्हती, परंतु आजाराची वाट तीच होती.

तांदळाकडे संशय कसा वळला

सुरुवातीला संशय मिश्रीवर गेला आणि तो रास्तच होता. तंबाखूचे झाड जमिनीतील कॅडमियम पानांत साठवते. उपचार करणाऱ्या पथकातील काहींचे मत होते की उत्तर सापडले आहे, मिश्री बंद करावी आणि उपचार सुरू करावेत. इथे एका साध्या निर्णयाने प्रकरणाची दिशा बदलली: घरातील इतरांचीही लघवी तपासायची ठरली. पती तंबाखूला शिवत नाहीत, तरी त्यांचा आकडा २.६ आला. मुलाचा १.४. मिश्रीने बाईंचा आकडा समजावता आला असता, पण पतींचा नाही. चौघांत समान असलेली गोष्ट घरातच, बहुधा ताटात होती.

सून त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर होती आणि तिचे हिमोग्लोबिन ९.४ होते. लग्नाला दोनच वर्षे झाल्याने तिचा आकडा जवळपास सामान्य होता, परंतु गरोदरपणातील लोहाची तूट म्हणजे शोषण वाढण्याचीच परिस्थिती. तांदळाचा अहवाल यायला अजून वेळ होता. पथकाने तो येण्यापूर्वीच घरचा तांदूळ थांबवायला सांगितले. माझ्या मते हा या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय होता. तांदूळ निर्दोष निघाला असता, तर कुटुंबाचा तोटा बाजारातून आणलेल्या काही किलो तांदळाएवढाच झाला असता. तो दोषी निघाला, तर थांबलेला प्रत्येक दिवस मोलाचा होता.

पहिला नमुना स्वयंपाकघरातील डब्यातला. किलोमागे ०.५२ मिलिग्रॅम कॅडमियम. एका डब्यावरून निष्कर्ष काढू नये म्हणून घरात शिल्लक असलेल्या प्रत्येक पोत्यातून वरचा, मधला आणि तळचा तांदूळ घेऊन, मिसळून, पोत्यागणिक वेगळे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिले. पोत्यांचे दोन स्पष्ट गट पडले. एका गटात सरासरी ०.४६, दुसऱ्यात ०.०७. दिरांना विचारल्यावर उलगडा झाला. ओढ्याकाठच्या खालच्या खाचरांचे भात आणि वरच्या खाचरांचे भात वेगळे झोडले जाते आणि खालच्या खाचरांचे दाणे भरीव, चवीला चांगले म्हणून तीच पोती मोठ्या वहिनींकडे पुण्याला जातात.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची सडलेल्या (पॉलिश केलेल्या) तांदळासाठीची मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे खालच्या खाचरांचा तांदूळ मर्यादेच्या थोडासाच वर होता. 'थोडेसेच जास्त आहे' हे वाक्य कुटुंबाच्या चर्चेत वारंवार आले, म्हणून हिशोब कागदावर मांडून दाखवावा लागला. ०.४६ मिलिग्रॅमच्या तांदळाचे २२० ग्रॅम म्हणजे दिवसाला सुमारे १०१ मायक्रोग्रॅम, महिन्याला सुमारे ३,००० मायक्रोग्रॅम. वर उल्लेखिलेल्या संयुक्त तज्ज्ञ समितीचे सुसह्य प्रमाण शरीराच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम आहे; ४६ किलो वजनाला १,१५०. बाईंच्या पोटात त्याच्या अडीचपट कॅडमियम एकट्या तांदळातून जात होते.

आणि याहून गंभीर बाब अशी की, तांदूळ नेमका ०.४ वर, म्हणजे नियमात बसणारा असता, तरीही त्यांचे प्रमाण दुपटीहून जास्तच राहिले असते. ६० किलोच्या माणसाने त्या मर्यादेवरचा केवळ १२५ ग्रॅम तांदूळ रोज खाल्ला तरी महिन्याचे सुसह्य प्रमाण पूर्ण भरते. व्यापारासाठीची मर्यादा बाजारातील तांदूळ निरनिराळ्या शेतांतून येतो हे गृहीत धरून उपयोगी ठरते: एका पोत्यातले जास्त दुसऱ्यातल्या कमीने भरून निघते. घरचा तांदूळ खाणाऱ्याला ही सरासरी मिळत नाही. त्याच्या ताटात तीच माती पिढ्यान्‌पिढ्या येते. घरच्या धान्यावरचा आपला विश्वास आत्मीयतेचा आहे आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो, पण त्या विश्वासाला मातीच्या एका तपासणीची जोड हवी हे या प्रकरणाने दाखवून दिले.

खाचरांत कॅडमियम कुठून आले

खालच्या खाचरांच्या मातीचे नमुने ओळीने घेतले. ओढ्याचे पाणी जिथून आत घेतात त्या तोंडाशी कॅडमियम सर्वाधिक होते आणि पलीकडच्या बांधाकडे कमी होत गेले. असा उतरता क्रम पाण्यातून आलेल्या धातूकडे निर्देश करतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडण्याची एक शेड होती आणि ती बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत, असे गावकऱ्यांनी सांगितले. फॉस्फेटयुक्त खतांतूनही थोडे कॅडमियम जमिनीत येते. परंतु खते तर वरच्या खाचरांतही तीच पडत होती. मातीचा सामू (पीएच) ५.४, म्हणजे आम्लधर्मी. अशा जमिनीत कॅडमियम मुळांना सहज मिळते.

आणखी एक गोष्ट या भागाच्या पावसाशी जोडलेली आहे. खाचरात पाणी साचलेले असते तोवर मातीत ऑक्सिजन नसतो आणि कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन अविद्राव्य राहते. पाणी ओसरले, माती भेगाळली की ते पुन्हा मोकळे होते. पावसाळा ऑक्टोबरमध्ये आवरतो आणि दाणे भरण्याचा काळही साधारण तोच. याच दिवसांत ओढ्याकाठची खाचरे कापणी सोपी जावी म्हणून फोडून कोरडी केली जात. दाणा भरताना झाडाला कॅडमियम मिळावे अशी ही अचूक वेळ होती, आणि यात दिरांचा काही दोष नाही. ही सर्वमान्य पद्धत आहे.

कोणते पर्याय तोलले

उपचारांच्या बाजूने कुटुंबाचा पहिला आग्रह 'धातू बाहेर काढण्याचा' होता. एका ठिकाणी सलाइनमधून ईडीटीए हे धातू बांधणारे औषध देण्याची महागडी मालिका सुचवली गेली होती आणि मुलगा पैसे भरण्याच्या बेतात होता. शिशाच्या विषबाधेत अशा औषधांना निश्चित स्थान आहे. दीर्घकाळ साठलेल्या कॅडमियमबाबत त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही. कॅडमियम पेशींच्या आत घट्ट बांधलेले असते आणि ते हलवण्याच्या प्रयत्नात आधीच जखमी नलिकांवर भार वाढू शकतो. पथकाने नकार दिला. मुलाला हा नकार म्हणजे हात वर करणे वाटले. त्याची समजूत घालायला एकाहून अधिक बैठका लागल्या आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. मूत्रपिंडाची बायोप्सीही विचारात घेतली गेली; निदान इतर पुराव्यांवरून पक्के असल्याने आणि बायोप्सीतून उपचार बदलणार नसल्याने ती टाळली.

स्वयंपाकघरातला पर्याय सासूबाईंनी गावाहून सुचवला: तांदूळ चार पाण्यांनी धुवावा, भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून द्यावी. आर्सेनिकसाठी ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. कॅडमियम मात्र दाण्याच्या आत प्रथिनांशी बांधलेले असते. धुण्याने, पेज काढण्याने किंवा तांदूळ अधिक सडण्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न शेताचा होता. खालच्या खाचरांचे काही भात दीर पुण्यातील ओळखीच्या कुटुंबांना विकत असत. त्यांना सांगायचे का? दिरांचे म्हणणे असे की, 'वहिनी, एकदा नाव गेले की वरच्या खाचरांचा तांदूळही कोणी घेणार नाही.' ही भीती निराधार नव्हती. कायद्याची मदतही मर्यादित होती: अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम १८ नुसार शेतकऱ्याने शेतावर पिकवलेल्या पिकाला त्या कायद्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. निर्णय कुटुंबालाच करायचा होता. शेवटी बाईंनीच सांगितले की, जे आपल्या सुनेला खाऊ घालणार नाही ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचे नाही. त्यानंतर वाद झाला नाही.

काय केले

शिल्लक पोती विक्रीतून काढली. ज्या घरांना तांदूळ गेला होता त्यांना दिरांनी स्वतः फोन करून कारण सांगितले, तांदूळ परत घेतला आणि बदल्यात वरच्या खाचरांचा दिला, तोही तपासणी अहवालाच्या प्रतीसह. त्यांपैकी दोन घरांनी आपल्या लघवीची तपासणी करून घेतली. आकडे सामान्य होते, कारण त्यांच्या आहारात हा तांदूळ थोडाच होता.

बाईंना फॉस्फेट, अल्कली, सावधपणे वाढवत नेलेले ड जीवनसत्त्व आणि लोह सुरू केले. मधुमेहाची गोळी आणि वेदनाशामके बंद केली. मिश्री सोडायला दंतवैद्यांची मदत घेतली. हिरड्यांचे उपचार करून कवळी बसवल्यावर भाकरी पुन्हा ताटात आली आणि भातावरचे अवलंबन आपोआप कमी झाले. आहारतज्ज्ञांनी मुद्दाम एकच पर्यायी धान्य न देता ज्वारी, गहू, नाचणी आणि बाजारातला तांदूळ असे मिश्रण सुचवले. सुनेचे लोह प्रसूतीपर्यंत दर महिन्याला पाहिले गेले.

खालच्या खाचरांसाठी दोन मार्ग होते. चुना टाकून सामू ६.५ च्या आसपास आणणे आणि जपानमध्ये रूढ असल्याप्रमाणे लोंबी येण्याआधी व नंतर तीन-तीन आठवडे पाणी साचवून ठेवणे, हा एक. पण ओढ्याला त्या दिवसांत पाण्याची शाश्वती नव्हती आणि सतत पाणी ठेवल्यास भातात आर्सेनिक वाढते, हेही विसरून चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे तिथे खाण्याचे पीकच न घेणे. पालक, मेथीसारख्या पालेभाज्या कॅडमियम भाताहूनही जास्त साठवतात, त्यामुळे भाजीपाल्याचा विचार सोडून दिला. दिरांनी त्या तुकड्यात बांबू लावला आणि ओढ्याचे पाणी वरच्या शेतात चढवणे बंद केले. बंद शेडच्या जागेविषयी ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज केला आहे.

परिणाम

वर्षभरानंतर हाडांची दुखणी बरीच कमी झाली. बाई जिना आधाराशिवाय उतरतात. फॉस्फरस आणि बायकार्बोनेट औषधांवर सामान्य आहेत, फेरिटिन ४१ झाले आहे. रक्तातील कॅडमियम ३.८ वरून २.१ वर आले. रक्ताचा आकडा मुख्यतः अलीकडच्या सेवनाचा असल्याने स्रोत बंद झाल्याचे ते द्योतक आहे.

मूत्रपिंडाची गोष्ट वेगळी आहे. लघवीतील साखर आणि लहान प्रथिने तशीच आहेत. गाळण्याचा वेग ६७ वरून ६४ झाला आहे. लघवीतील कॅडमियम ७.२ वरून ६.५ वर आले तेव्हा कुटुंबाला फार आनंद झाला आणि तो आनंद थोडा आवरता घ्यायला सांगणे भाग पडले: नलिका जखमी असताना साठलेले कॅडमियम पेशींबरोबर गळतही असते, त्यामुळे हा आकडा उतरणे म्हणजे मूत्रपिंड बरे होणे असे धरता येत नाही. सेवन थांबल्यानंतरही बिघाड टिकून राहू शकतो, कधी पुढेही सरकतो. त्यामुळे दर सहा महिन्यांची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागेल. पतींच्या नलिकांत बिघाड आढळला नाही. सुनेची प्रसूती सुखरूप झाली.

काय वेगळे करता आले असते

लघवीतील साखर पहिल्यांदा दिसली त्याच दिवशी रक्तातील साखरेशी ती ताडून पाहिली असती आणि फॉस्फरस, युरिक आम्ल, बायकार्बोनेट एवढे तीन साधे आकडे मागवले असते, तर निदान सुमारे एक वर्ष आधी झाले असते. एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन हे दोन्ही एकाच लघवीत मोजण्याचा खर्चही फार नाही.

व्यसनांविषयीचा प्रश्न आपल्याकडे बहुधा 'सिगारेट, दारू?' एवढाच असतो आणि घरंदाज बाईंना तोही विचारला जात नाही. पुणे जिल्ह्यात 'मिश्री लावता का?' हे विचारल्याशिवाय तंबाखूचा इतिहास पूर्ण होत नाही. तसेच 'तांदूळ कुठून आणता, आणि दिवसातून किती वेळा भात?' हा प्रश्न मूत्रपिंडाच्या अनाकलनीय आजारात विचारला गेला पाहिजे. इथे तो विचारला गेला तेव्हा रुग्णाने अभिमानाने उत्तर दिले. लपवण्यासारखे काही नव्हतेच.

खालच्या खाचरांच्या पोत्यांचे नमुने जतन करण्याआधीच मागील हंगामाचा तांदूळ संपला होता, त्यामुळे वर्षावर्षांतील फरक कळू शकला नाही. पुढील हंगामासाठी वरच्या खाचरांतून कापणीच्या वेळी, झोडण्याआधी, खाचरागणिक नमुने घेऊन प्रत्येकी अर्धा किलो भात तारखेसह बाजूला ठेवायचे ठरले आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला आणखी तीन कुटुंबांची खाचरे आहेत. त्यांपैकी दोघांनी मातीच्या तपासणीला होकार दिला आहे. तिसऱ्या कुटुंबाशी दीर बोलत आहेत.